पुस्तक मिटा आणि सांगा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज आपल्यासमोर उभी राहताना माझे पाय खरोखरच लटपटत आहेत. दरवर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या खोलीत असते. पोह्यांचे पातेले आणि चहाचे आधण यांतच माझा कार्यक्रम होतो. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "पोहे दुसरी कोणी करील, तुम्ही बोला." विषयही त्यांनीच दिला : महाविद्यालयातील मुलांचा परीक्षेचा अभ्यास. मी म्हटले, "अहो बाई, मी सातवी शिकलेली. बी. कॉम., बी. एस्सी.च्या मुलांनी अभ्यास कसा करावा हे मी काय सांगणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा." तेव्हा भगिनींनो, मी उपदेश करायला उभी नाही. घरात एक ठेच लागली व त्यातून जे शहाणपण आले, ते आपल्यापुढे ठेवते.

आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा आठ किलोमीटरवर. पाठीवर दोन भावंडे होती आणि मुलीला एकटीला एवढ्या लांब पाठवायला वडिलांचे मन होईना. तेव्हा सातवीचा निकाल लागला आणि दप्तर माळ्यावर गेले. त्याचे दुःख मी कधी बोलून दाखवले नाही. पण मनाशी एक गाठ मात्र मारली होती की, माझ्या मुलीचे दप्तर माळ्यावर जाऊ द्यायचे नाही.

आमची थोरली बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. पोर आळशी नव्हती. रात्री बारा-बारापर्यंत तिच्या खोलीत दिवा जळत असे व तो पाहून मला धन्यता वाटे. मी आळीत सांगतही असे, "आमची थोरली फार अभ्यास करते हो." पुस्तकावर पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रेघा ओढलेल्या असत. एकेक धडा ती तीन-तीन, चार-चार वेळा वाची. परीक्षेच्या आदल्या रात्री तर तीनपर्यंत जागरण आणि मध्ये दोनदा चहा. तो चहाही मीच करून देत असे.

निकाल लागला आणि दोन विषय राहिले. त्यांतला एक कॉस्टिंगचा, म्हणजे वस्तू तयार करायला किती खर्च येतो, ते काढण्याच्या शास्त्राचा. मुले ज्याला ए. टी. के. टी. म्हणतात ती लागली, म्हणजे राहिलेले विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात जायचे. तेवढ्यात एक स्थळ चालून आले होते. आमच्या चुलत सासूबाई सहज म्हणाल्या, "होत नाही तर कशाला ताणायचे? चांगले घर आहे, उरकून टाका." घरातली मंडळी काहीच बोलली नाहीत. त्या गप्प बसण्याचीच मला अधिक भीती वाटली.

त्या रात्री मी थोरलीजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "वाचताना सगळं येतं गं आई. पेपर हातात आला की पाटी कोरी. मला डोकंच नाही. मी तुझ्यावर गेले."

भगिनींनो, तिच्या मनात मला दुखवण्याचे नव्हते. पण तो शब्द माझ्या काळजात बसला. रात्रभर डोळा लागला नाही. मनात एकच येई : ही पोर इतके वाचते आणि तिने काय वाचले हे मी एकदाही विचारले नाही. का विचारले नाही? तर आपल्याला काय कळणार, या लाजेने. माझ्या सातवीची लाज मी माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या आड येऊ दिली होती.

पुढे परीक्षेचा अर्ज भरायला मी तिच्याबरोबर महाविद्यालयात गेले. तेथील ग्रंथपालबाई मोठ्या प्रेमळ. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि थोरलीला एवढेच विचारले, "वाचून झाल्यावर पुस्तक मिटून कोणाला सांगतेस का?" ती म्हणाली, "घरी हे कोणाला कळत नाही." बाई हसल्या व माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ज्याला कळत नाही त्यालाच सांगायचे. आईला समजले, तर तुला समजले असे धर."

त्या दिवसापासून आमच्या घरी नवा पाठ सुरू झाला. रात्रीची जेवणे झाली की मी ओटा पुसत असे आणि थोरली पाटावर बसून, पुस्तक मिटून, त्या दिवशीचा धडा मला सांगत असे. पहिल्या दिवशी ती 'ना नफा ना तोटा बिंदू' सांगू लागली. व्याख्या घडाघडा म्हटली : ज्या विक्रीला एकूण खर्च व एकूण उत्पन्न समान होते तो बिंदू. मी विचारले, "मग आपल्या मंडळाने दिवाळीत फराळाचा स्टॉल लावला, तर किती चकली खपली म्हणजे आपले पैसे निघाले?" ती अडली. थोडी चिडलीही. म्हणाली, "पुस्तकात चकली नाही." मी म्हटले, "नसू दे. मला चकलीतच कळेल."

मग तिने पेन्सिल घेतली. जागेचे भाडे आणि मांडव मिळून ३,००० रुपये धरले. चकली विको न विको, ते द्यायचेच. हा स्थिर खर्च. भाजणी, तेल, गॅस, पिशवी मिळून किलोला २८० रुपये. जितकी चकली जास्त तितका हा खर्च जास्त, म्हणून हा बदलता खर्च. विक्री ४०० रुपये किलोने. म्हणजे दर किलोमागे हातात १२० उरतात. ३,००० ला १२० ने भागले. उत्तर आले २५ किलो. मी विचारले, "आणि वीसच किलो खपली तर? म्हणजे चकली तोट्यात विकली का?" ती आधी "हो" म्हणाली, मग थांबली, मग पुन्हा आकडे मांडले. वीस किलोचे २,४०० सुटले, ६०० पदरचे गेले. मग म्हणाली, "नाही आई, चकली तोट्यात नाही गेली. प्रत्येक किलोने भाड्याचे १२० फेडलेच. पण भाडं पुरतं फिटलं नाही, म्हणून तोटा." आणि एकदम म्हणाली, "आई, हे मला आत्ता कळलं."

जो धडा तिने चार वेळा वाचला होता व ज्यावर तीन रंगांच्या रेघा होत्या, तो तिला ओट्यापाशी चकलीच्या हिशेबात कळला. त्यात माझे काही कौतुक नाही. मी फक्त "का?" आणि "नाहीतर काय?" एवढे दोन प्रश्न विचारले. ते विचारायला सातवीही लागत नाही.

ग्रंथपालबाईंनी नंतर आम्हांला एक प्रयोग सांगितला, तो मुद्दाम तुम्हांला सांगते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर व कार्पिकी या दोघांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक लहानसा उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि नंतर तो बाजूला ठेवून जेवढे आठवले तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांना शंभरातले सुमारे ४२ आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६.

यातली मेख ध्यानात घ्या. पुनःपुन्हा वाचले की सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले की येते असे वाटते. लग्नात एखादी बाई समोर आली की चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तशातला हा प्रकार. परीक्षेत तर नावच विचारतात! पुस्तक मिटून आठवू लागले की पहिल्यांदा चार आण्यांचेही आठवत नाही. मूल खचते, म्हणते, "मला काहीच येत नाही." याच वेळी आईने धीर द्यायचा. हे न आठवणे घरी झाले तर बरे. त्याच जागी पुस्तक उघडायचे, चुकलेले पाहायचे, पुन्हा मिटायचे. असे आठवण्याला जे कष्ट पडतात, त्यांतूनच ते पक्के होते.

दुसरी गोष्ट, अभ्यास विभागून करण्याची. आपण तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालतो. महिनाभर कोरडे ठेवून एके दिवशी घागर ओतली तर ते वाहून जाते आणि तुळस वाळते ती वाळतेच. एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन गृहस्थांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करकरून पाहिली आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना असे दिसले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांतच भराभर निसटते, नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा दिवस पाडून केलेले पाठांतर कमी कष्टात होते. म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू लागलो. आज झालेला धडा उद्या एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा आणि पुढच्या आठवड्यात एकदा पुस्तक मिटून सांगायचा. दुधाच्या हिशेबाशेजारी कॉस्टिंगच्या खुणा, असे आमचे कॅलेंडर त्या वर्षी दिसत होते.

तिसरी गोष्ट, जुन्या प्रश्नपत्रिकांची. थोरली आधी त्या नुसत्या वाचून "हे येतं, हे येतं" म्हणत असे. आता दर रविवारी सकाळी एक प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ, आणि परीक्षेला असतो तेवढाच वेळ, असे ठरवले. पहिल्या रविवारी दोन प्रश्न राहूनच गेले. हात भरून आला, कारण एवढे सलग लिहिण्याची सवयच मोडली होती. चौथ्या रविवारी पेपर वेळेत पुरा झाला. हिशेबाचे विषय असोत की बी. एस्सी.ची रसायनाची समीकरणे असोत, ती डोळ्यांनी नव्हे, हाताने करावी लागतात. भाकरी कशी थापायची ते कितीही पाहिले, तरी पहिली भाकरी फाटतेच ना?

चौथी गोष्ट ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. १९८० नंतरच्या दशकात इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी होता. त्याचे मन अभ्यासात लागेना. त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ घेतले, ज्याला किल्ली दिली की ठरल्या वेळी घंटा वाजते ते. आणि घंटा वाजेपर्यंत उठायचे नाही असा नेम केला. पुढे त्याने पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती अशी रीतच बसवली. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या रीतीचेही नाव तेच पडले. आमच्याकडे टोमॅटोचे घड्याळ नाही. साध्या गजराच्या घड्याळावर आम्ही भागवले. गजर मोबाइलवर मात्र लावला नाही. मोबाइल त्या वेळी पोह्यांच्या रिकाम्या डब्यात, आणि डबा फडताळात. पंचवीस मिनिटांत कोणाचे काही अडत नाही, हे पहिल्याच दिवशी कळून आले.

पाचवी गोष्ट झोपेची. दिवसा जे शिकलो ते झोपेत मेंदूत नीट बसते, असे आता शास्त्र सांगते. रात्रभर जागून वाचणे म्हणजे विरजण लावून दर घटकेला भांडे हलवण्यासारखे आहे. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचा तो तीन वाजताचा चहा मी बंद केला. साडेदहाला दिवा मालवायचा. हे सर्वांत कठीण गेले, पोरीला नव्हे, मला. दिवा जळताना पाहिला की अभ्यास होतो आहे, असे मला वाटत असे ना!

आता भगिनींनो, थोडे आपल्याबद्दल बोलते. राग मानू नये. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः शिकवले. पण त्यांच्या शिकण्याला विरोध कोणाचा झाला? घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचाच. पुढे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी ते लिहून ठेवले आहे. आज आपण कोणाला वाचू नको म्हणत नाही. पण मी माझेच सांगते. थोरली पुस्तक घेऊन बसली की दर दहा मिनिटांनी माझी हाक असे : "जरा गॅस बंद कर", "दार उघड", "धाकट्याला वाढ." धाकट्याला मात्र अभ्यासातून कधी उठवले नाही. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. एक दिवस घड्याळ लावून पंचवीस मिनिटे मोजली, तेव्हा माझ्या पाच हाका भरल्या! त्यानंतर गजर होईपर्यंत हाक मारायची नाही, असा नेम मी स्वतःला घातला; आणि घरकामाच्या वाटण्या केल्या, त्यात धाकट्याच्या वाटणीला पाणी भरणे व ताटे घेणे आले. तो प्रथम कुरकुरला, आता चांगले करतो.

ज्यांची मुले पुण्या-मुंबईला वसतिगृहात आहेत, त्या म्हणतील, आमचे काय? त्यांनी फोनवर "जेवलास का?" विचारून झाले की "आज काय शिकलास, मला सांग" एवढे विचारावे. आणि ऐकायला कोणीच नसेल, तर कोरा कागद ऐकतो. पुस्तक मिटून त्यावर लिहीत जावे.

पुढे काय झाले ते सांगते. थोरली पहिली-बिहिली आली नाही. पण राहिलेले दोन्ही विषय सुटले आणि कॉस्टिंगमध्ये ५८ गुण पडले. ते स्थळ आम्ही नम्रपणे परत केले होते. तिची पदवी पुरी झाली आणि आज ती एका पतसंस्थेत हिशेब पाहते. निकालाच्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, मी तुझ्यावर गेले ते बरंच झालं." तेवढ्या एका वाक्याने माझ्या सातवीचे चीज झाले.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपली ही खोली संध्याकाळी सात ते नऊ बहुधा रिकामी असते. दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, परीक्षांच्या दिवसांत, ती आळीतल्या मुलामुलींच्या अभ्यासासाठी उघडी ठेवावी. कित्येक घरांत एकच खोली, त्यात दूरदर्शन संच, पाहुणेरावळे. मुलांनी बसायचे कुठे? सतरंज्या आपल्याकडे आहेत, दिवे आहेत. आपण आळीपाळीने एकेकीने येऊन बसावे, विणकाम घेऊन का होईना. शिकवायला नव्हे, ऐकायला. मूल पुस्तक मिटून सांगू लागले की "का?" एवढे विचारले तरी पुरे. पहिला आठवडा मी येईन.

आणि एक सांगायचे राहिले. यंदा थोरलीने माझ्यासाठी दहावीच्या परीक्षेची चौकशी केली आहे. शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज असतो, तो भरायचे मनात आहे. माळ्यावरचे ते दप्तर आता राहिले नाही, नवे घ्यावे लागेल. परवापासून ओटा थोरली पुसते आणि पाटावर मी बसते. मी पुस्तकात डोके घातले की ती म्हणते, "आई, पुरे झालं वाचणं. मिट आणि सांग."

बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर आपली बहीण समजून पोटात घालावे.  आता पोहे निवायच्या आत आपण मागच्या खोलीकडे वळू या.